नव्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर मेलेला पिक्सेल, कंपनी म्हणते 'एवढं चालतं' – मदत हवी आहे

अल्बमवाला

नमस्कार मंडळी,

सांगलीत माझं लग्नाचे अल्बम डिझाइन करायचं काम आहे. घरातलीच एक खोली, आणि माणूस मी एकटा. तुळशीच्या लग्नानंतर धावपळ सुरू होते, त्याआधी मशीन बदलावं म्हणून १५.६ इंची, फुल एचडी, आयपीएस (एलसीडीचाच एक प्रकार) स्क्रीनचा लॅपटॉप ऑनलाइन मागवला. ७३,००० रुपये मोजले.

पहिली चूक आमच्या घरचीच. पार्सल आलं ऐन पितृपंधरवड्यात. "नवी वस्तू आत्ता उघडायची नाही" म्हणून आईने खोका कपाटावर ठेवायला लावला. घटस्थापनेला हळदकुंकू लावून उघडला, तोवर वेबसाइटची ७ दिवसांची बदलून मिळण्याची मुदत संपून गेली होती.

सुरुवातीचे दोन-तीन दिवस सॉफ्टवेअर टाकण्यात गेले. मग पहिलं काम हातात घेतलं. नवरीच्या हनुवटीवर बारीकसा तीळ दिसला. मुलीच्या आईने "चेहऱ्यावरचं सगळं काढा हो" असं बजावलेलं, म्हणून हीलिंग ब्रश फिरवला. तीळ तिथेच. क्लोन स्टॅम्प मारला. तीळ तिथेच. पाचेक मिनिटं झटापट केल्यावर फोटो जरा बाजूला सरकवला, तर तीळ नवरीला सोडून नवरदेवाच्या फेट्यावर जाऊन बसला.

तेव्हा कळलं, स्क्रीनचेच पिक्सेल (चित्र ज्यांनी बनतं ते बारीक ठिपके) बिघडलेत. स्क्रीन पूर्ण पांढरी करून पाहिली, तर जवळजवळ मधोमध एक काळा ठिपका. काळी केली, तर खाली उजवीकडे एक लाल आणि वर डावीकडे एक हिरवा, दोन्ही सतत पेटलेले. एकूण तीन.

कंपनीला चॅटवर फोटो पाठवले. उत्तरादाखल एक पीडीएफ आली. पेटलेले ठिपके ३ किंवा जास्त, काळे ५ किंवा जास्त, नाहीतर दोन्ही मिळून ६ किंवा जास्त असतील तरच वॉरंटीत पॅनल (स्क्रीनचा चित्र दाखवणारा भाग) बदलणार. माझे पेटलेले २ आणि काळा १. "आपला डिस्प्ले ठरलेल्या मर्यादेत आहे", हे वाक्य तीन दिवसांत दोघांनी अक्षरशः तसंच पाठवलं. विक्रेता म्हणतो मुदत गेली, कंपनीकडे जा.

ही मर्यादा खरीच असते, की आपल्याला कटवायला काढलेली? आणि काही करता येईल का? ठिपका कोपऱ्यात असता तर सोडून दिलं असतं. मधोमध आहे, आणि माझं पोट चेहऱ्यांवरचे डाग काढण्यावर चालतं.

तिरकस

फेट्यावरच्या तिळाला भाग्याचं लक्षण म्हणायचं आणि अल्बमचे ५०० जास्त लावायचे.

बरं, चेष्टा पुरे. स्क्रीनशॉट काढून फोनवर पाहिलात का? स्क्रीनशॉटमध्ये ठिपका आला तर भानगड ग्राफिक्सची, नाही आला तर पॅनलची. आणि ती धूळ नाही ना, तेही बघा. धुळीच्या कणाच्या कडा पुसट दिसतात. पिक्सेल कसा, भिंगाखाली चौकोनी, रेघेत बसलेला दिसतो.

अल्बमवाला

स्क्रीनशॉट स्वच्छ आहे. अल्बमची प्रिंट तपासायचं भिंग घरात होतंच, त्याखाली नीट चौकोन दिसतो. पॅनलच.

गावरान

माझ्या भावाच्या लॅपटॉपला असंच झालं होतं. ओल्या फडक्यात पेन्सिलचं टोक धरून त्या ठिपक्यावर दाबायचं आणि दाबलेलं असतानाच स्क्रीन चालू करायची. त्याचा गेला.

माजी सर्व्हिसवाला

गावरानभाऊ, तुमच्या भावाचं नशीब बलवत्तर. अल्बमवाले, हे अजिबात करू नका. दाबल्याचा डाग पडला की कंपनीच्या कागदावर 'ग्राहकाकडून झालेलं नुकसान' असं येतं आणि वॉरंटीचा विषय तिथेच मिटतो. नऊ वर्षं सर्व्हिस सेंटरला काढली आहेत (कुठल्या कंपनीच्या ते विचारू नका). पेन्सिलीने दाबलेली पॅनलं टेबलावर येताक्षणी ओळखू यायची.

आता मर्यादेचं. ती कंपनीनेच ठरवलेली, पण हवेतून आणलेली नाही. फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल. प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन उपपिक्सेल आणि प्रत्येक उपपिक्सेलमागे एक ट्रान्झिस्टर. झाले ६२ लाखांवर. एखादा जरी बिघडला तरी अख्खं पॅनल फेकायचं ठरवलं तर पॅनल बरंच महाग पडेल, म्हणून थोडे दोष चालवून घेतात. आयएसओ १३४०६-२ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक २००१ साली आलं, २००८ पासून त्याची जागा ९२४१ मालिकेने घेतली. जुन्या मानकाच्या दुसऱ्या वर्गात दर दहा लाख पिक्सेलमागे २ कायम पांढरे, २ कायम काळे आणि ५ बिघडलेले उपपिक्सेल चालतात. तुमच्या स्क्रीनला लावलं तर साधारण ४, ४ आणि १०. म्हणजे तुमच्या कंपनीची मर्यादा त्यापेक्षा कडकच आहे. मानक म्हणजे कायदा नव्हे, ते वेगळं.

आता खरी गोष्ट. त्या पीडीएफमध्ये 'ठिपका' कशाला म्हटलंय ते वाचलंत का? अख्खा पिक्सेल की उपपिक्सेल? बहुतेक लोक तक्ता बघतात आणि त्याच्याखालची बारीक अक्षरं सोडून देतात.

दुसरं, तुम्ही पांढरा आणि काळा असे दोनच रंग तपासलेत. लाल, हिरवा, निळा तिन्ही रंग पूर्ण स्क्रीनभर आणा. खोलीत अंधार करा, ब्राइटनेस पूर्ण, स्क्रीन आधी पुसून घ्या. एकेक रंग दोन-तीन मिनिटं, वरून खाली रेघ धरल्यासारखा बघा. निळ्याची खास काळजी घ्या. मेलेला निळा उपपिक्सेल पांढऱ्या पडद्यावर किंचित पिवळट दिसतो, आणि पांढऱ्यावर एवढा पिवळा डोळ्याला कळतच नाही.

रंग भराभर बदलणारी सॉफ्टवेअरं असतात, ती लाल-हिरव्या ठिपक्यांवर अधूनमधून चालतात. काळ्यावर चालायची नाहीत. आयपीएसमध्ये व्होल्टेज मिळालं नाही की पिक्सेल काळाच राहतो, आणि ट्रान्झिस्टरच मेला असेल तर वरून कितीही रंग पळवा, काय होणार? घरात कोणाला फिट्सचा त्रास असेल तर तो लुकलुकता पडदा त्यांच्यासमोर लावू नका.

पण आत्ता तेही करू नका. मोजणी होऊन तक्रार नोंदेपर्यंत एकही ठिपका बरा करायच्या फंदात पडू नका. तुम्हाला आकडा वाढवायचाय, कमी करायचा नाही!

निळी शाई

मी वकील आहे, ग्राहक आयोगात प्रकरणं चालवते. दादा, आधी एक सांगा, बिल कोणाच्या नावाने आहे?

अल्बमवाला

ताई, स्टुडिओच्या नावाने. जीएसटी नंबर टाकूनच घेतलाय, भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं म्हणून.

निळी शाई

वाटलंच होतं. समोरचा वकील पहिलं वाक्य हेच टाकणार की माल व्यापारासाठी घेतला, म्हणजे हे 'ग्राहक' नाहीतच. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये कलम २(७) खाली खुलासा आहे. स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरत नाहीत. तुम्ही एकटे, मशीन स्वतः चालवता, त्यामुळे तुमची बाजू बसते. हाताखाली चार ऑपरेटर असते तर अवघड होतं. तक्रारीत 'मी स्वतः या लॅपटॉपवर काम करतो, तेच माझं उपजीविकेचं साधन आहे' हे वाक्य विसरू नका.

आता विक्रेता. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष माल परत घ्यायला किंवा त्याचे पैसे परत करायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. वेबसाइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल टाका. ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण हे त्याच्यावर बंधन आहे. पितृपंधरवड्याची गोष्ट त्यात लिहू नका, पार्सल मिळाल्याची आणि उघडल्याची तारीख तेवढी लिहा.

मात्र वाद होणार 'सदोष' या शब्दावरच. ते म्हणणार आमच्या मर्यादेत बसतो, म्हणजे दोष नाहीच. तुमचं उत्तर असं, की ही मर्यादा खरेदीच्या वेळी मला दाखवली होती का? त्या लॅपटॉपच्या पानाचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा, पानं बदलतात. चॅटही जपून ठेवा. एवढं असूनही तीन ठिपक्यांवर हमखास जिंकाल असं मी म्हणणार नाही. फी घेतली असती तरी म्हटलं नसतं.

आयोगात जायच्या आधी १९१५ वर फोन करा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं. ते तक्रार कंपनीकडे पाठवतात, आणि चॅटवाल्यापेक्षा वरचा माणूस ती वाचतो. नाहीच जमलं तर सांगलीच्याच जिल्हा आयोगात ई-जागृती पोर्टलवरून अर्ज करा. राहत्या ठिकाणी दाद मागता येते, ५ लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं.

डेन्व्हरकर

बाकी काही होवो, चेहऱ्यांचं काम करता तर सवडीने बाहेरचा मॉनिटर घ्याच. डेलच्या अल्ट्राशार्प मॉनिटरला एक जरी पेटलेला पिक्सेल निघाला तरी बदलून देतात. लॅपटॉपच्या स्क्रीनला ती हमी नाही, आणि मॉनिटरलाही काळ्या ठिपक्यांना नाही.

अल्बमवाला

सर्व्हिसवाले साहेब, कुठे आहात? पायाच धरतो.

काल रात्री सगळे झोपल्यावर दिवे घालवून बसलो. पीडीएफच्या तळाला खरंच लिहिलंय की 'ठिपका म्हणजे एक उपपिक्सेल'. मधला काळा ठिपका लालमध्ये काळा, हिरव्यात काळा, निळ्यातही काळा. म्हणजे एक नाही, तीन! पेटलेले दोन धरून पाच झाले. सहाला एक कमी. डोकं धरून बसलो.

मग निळा पडदा परत लावला आणि भिंग घेऊन वरपासून सुरुवात केली. वरून साधारण चार बोटांवर, डाव्या कडेला, एक बारीक काळी चीर. फक्त निळ्यात दिसते. पांढऱ्यात तिथे काहीच नाही, अगदी डोळे फुटेस्तोवर बघितलं. सहा!

बायको पाणी प्यायला उठली, तर मी अंधारात निळ्या पडद्याला नाक लावून हसतोय.

माजी सर्व्हिसवाला

शाब्बास. आता प्रत्येक रंगाचा वेगळा फोटो, बाजूला पट्टी धरून, म्हणजे जागा कळेल. चॅट नको, ईमेलच. त्यांच्याच पीडीएफचं ते तळाचं वाक्य वर चिकटवा, खाली सहा ओळींचा तक्ता. 'कृपया' वगैरे एकदाच.

आणि एक लक्षात असू द्या. वॉरंटीत येणारं पॅनल कोरं करकरीत असेलच असं नाही, बहुतेक अटींमध्ये 'नवीन किंवा नव्यासारखं' असं असतं. इंजिनिअर आला की फ्रेम बसवायच्या आधीच केबल जोडून पाचही रंग लावायला सांगा. कुरकुर करेल, चहा पाजा.

तिरकस

मूळ तक्रार काय तर डाग दिसतोय. आता दिसत नव्हता तोही शोधून काढला. माणूस पेशाला जागला.

अल्बमवाला

अपडेट, अकरा दिवसांनी.

ईमेलला पहिल्यांदा तेच उत्तर आलं, 'मर्यादेत आहे'. मग १९१५ ला फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला, तो ईमेलमध्ये घालून परत पाठवला. चौथ्या दिवशी कंपनीकडून एक बाई बोलल्या. त्यांनी तक्ता खरंच वाचला होता. "सर, तो निळ्यातला ठिपका पुन्हा दाखवू शकाल का?" म्हणाल्या. व्हिडिओ कॉलवर दाखवला. पॅनल मंजूर.

आज सकाळी कोल्हापूरहून इंजिनिअर आला. चांगला मुलगा होता. चहा झाल्यावर त्याला म्हटलं, आधी जोडून बघू. म्हणाला, "काका, नवीन आहे, काही नसतं." तरी जोडलं. पांढरा लावला, स्वच्छ. काळा लावला आणि बरोब्बर मधोमध एक पांढराफेक ठिपका, शुक्राच्या चांदणीसारखा.

दोघंही गप्प. मग तोच हसायला लागला. भिंग मागून घेतलं, फोटो काढला, वर पाठवला आणि पॅनल परत खोक्यात भरलं. "हे बसवलं तर तुम्ही पाच ठिपके शोधेपर्यंत मला सोडणार नाही," म्हणाला.

दुसरं पॅनल शनिवारी येणार म्हणतात. तोवर जुन्यावरच काम चाललंय, फोटो सरकवून सरकवून. आलं की लिहितो.