मदत हवी आहे: आईबाबांसोबत प्रागमध्ये दोन दिवस

नमस्कार मंडळी. आम्ही ड्रेस्डेनला असतो, तिथून प्राग रेल्वेने जेमतेम अडीच तास. आईबाबा आलेत, म्हणून शनिवार-रविवार जाऊन यायचा बेत आहे. अडचण एकच: आईचे गुडघे. मागच्या महिन्यात इथल्याच दगडी फरशीवर तासभर चालली आणि रात्री गरम पाण्याची पिशवी घेऊन बसली.

चार्ल्स पूल अर्धा किलोमीटर लांब, तो सकाळी सातला, गर्दीआधी करू म्हणतोय. किल्ल्यावर २२ नंबरच्या ट्रामने वर जायचं, हे पक्कं. पण उतरताना नेरुदोवा रस्त्याचा उतार तिला झेपेल का, की परत ट्रामच बरी? मुक्काम किल्ल्याच्या पायथ्याच्या माला स्ट्राना भागात करावा की कार्लोवो नामेस्ती या चौकाजवळ, जिथून २२ थेट मिळते?

बाबांना जुन्या चौकातलं १४१० सालचं खगोलीय घड्याळ बघायचंय, तेवढ्यावर ते खूश. दोघं शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. तळलेल्या चीजवर दोन दिवस काढायचे नाहीत, तर जुन्या चौकाजवळ बरं जेवण कुठे मिळेल? आणि तिथे युरो नाही, कोरुना चालतो. ट्रामला कार्ड पुरतं ना, की थोडी रोख ठेवू?