मदत हवी आहे: दोन डिरेक्टरी ताडताना सिमलिंक आणि फिफोचं काय करायचं?

लिनक्सवर एका मोठ्या डिरेक्टरीची दुसऱ्या डिस्कवर घेतलेली कॉपी मूळाशी तंतोतंत जुळते का, हे स्क्रिप्टमधून तपासायचं आहे. साध्या फायलींचा प्रश्न नाही, घोळ बाकीच्यांचा आहे: सिमलिंक (दुसऱ्या फाईलकडे बोट दाखवणारी लिंक), फिफो आणि सॉकेट (प्रोग्रामांनी आपसात माहिती पाठवायच्या खास फायली).

जीएनयू डिफ -आर (आतल्या डिरेक्टरींसकट फायली ताडणारी कमांड) वापरला तर तो सिमलिंकच्या मागे जाऊन मूळ फाईलच वाचतो. त्यामुळे एका बाजूला लिंक आणि दुसऱ्या बाजूला खरी फाईल असली तरी मजकूर सारखा म्हणून गप्प बसतो. तुटलेली लिंक आली की 'अशी फाईल नाही' म्हणतो आणि एक्झिट कोड (कमांड संपताना स्क्रिप्टला मिळणारा आकडा; डिफमध्ये ० म्हणजे फरक नाही, १ म्हणजे फरक, २ म्हणजे अडचण) २ देतो. --नो-डीरेफरन्स दिल्यावर हे सुटलं, लिंकचा पत्ताच ताडला जातो. (हा पर्याय ३.३ आवृत्तीपासून आहे, माझ्याकडे त्यापुढची आहे.)

पण फिफो आणि सॉकेट अजून अडतात. दोन्हीकडे फिफो असला तरी 'ही फाईल फिफो आहे, तर ती फाईल फिफो आहे' अशी अजब ओळ छापून कोड १ येतो, म्हणजे फरक नसताना फरक!

आरसिंकही (डिरेक्टरी जुळवून घेणारी कमांड) -एएनआयसी आणि --डिलीट देऊन, म्हणजे काही न बदलता नुसते फरक छापायला सांगून पाहिला. प्रकार नीट ओळखतो, पण फरक असो वा नसो, कोड ०च देतो. शिवाय लिंकची नुसती वेळ वेगळी असली तरी ओळ छापतो.

नवं टूल टाकता येणार नाही, कॉपी रीड-ओन्ली माउंट आहे, म्हणजे तिच्यात काही लिहिता येत नाही. वेळ आणि मालकी जुळली नाही तरी चालेल. मग डिफलाच फिफो-सॉकेट वगळायला सांगता येतं का, नावं आधी माहीत नसताना? की फाइंडने (फायली शोधून यादी देणारी कमांड) दोन्हीकडच्या प्रकारांची आणि लिंकच्या पत्त्यांची यादी काढून तीच वेगळी ताडावी?