मदत हवी आहे: दुप्पट वेगाच्या प्लेबॅकवर ड्रमरनं वाजवायचं कसं?

मंडळी, आमच्या बँडचं एक प्रयोगशील रॉक गाणं मिक्स होऊन तयार आहे. सात मात्रांचं, रूपक तालासारखं ३-२-२. ड्रम्सबरोबर हलगी, आणि गिटारचे काही तुकडे उलटे वाजवलेले. घोडं अडलंय ते व्हिडिओपाशी.

ओठ गाण्याबरोबर हलावेत, पण केस, धूळ, कपडे संथ तरंगावेत अशी कल्पना आहे. म्हणजे सेकंदाला ५० फ्रेम्सवर शूट करून २५ वर चालवायचं आणि सेटवर गाणं दुप्पट वेगानं लावायचं. गायिकेला जमतंय. स्वर तोच ठेवून नुसता वेग वाढवला की व्यंजनांचा चिखल होतो, म्हणून स्वरही वर चढू दिला. कार्टूनसारखं ऐकू येतं, पण शब्द कळतात. पंचाईत ड्रमरची. मूळ लय मिनिटाला १३० ठोके, सेटवर २६०! हलगीवाला तर हसायलाच लागला.

ड्रमरचे शॉट वेगळे, २५ वरच घ्या, असं कॅमेरावाल्याचं म्हणणं. पण मग गायिका आणि ड्रमर एका चौकटीत येणार नाहीत, आणि मला तीच चौकट हवी आहे.

शिवाय शेवटचा भाग क्लिक ट्रॅकशिवाय (म्हणजे कानात लयीची टिकटिक न लावता) रेकॉर्ड केलाय, लय मुद्दाम सैल. तिथे दर समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, बीप टाकावी का? (रूपकात समेलाच ‘खाली’, म्हणजे बिनजोराची मात्रा, त्यामुळे ड्रमर आधीच वैतागलेला.)

गोदामातल्या ट्यूबलाइटची लुकलुक १/१०० शटरनं जाते, तो प्रश्न नाही. दीडपट वेगावर कुणी भागवलंय का? तरंगणं पुरेसं दिसतं का?