२८ दिवसांवर विसंबू नका
बऱ्याचदा सांगितलं जातं की ऑस्ट्रेलियात स्थलांतर कायद्याच्या कलम ५०१ खाली (म्हणजे गुन्हा किंवा वर्तनाच्या कारणावरून) व्हिसा रद्द झाला तर अपिलाला २८ दिवस मिळतात. कृपया यावर थांबू नका! तुरुंगात असताना सक्तीने रद्द झालेला व्हिसा परत मिळावा, ही विनंती करायची मुदत २८ दिवसांची. ही विनंती खात्याच्या अधिकाऱ्याने फेटाळली की ट्रायब्युनलकडे (सरकारी निर्णय नव्याने तपासणाऱ्या न्यायाधिकरणाकडे) जायला फक्त ९ दिवस, शनिवार-रविवार धरून, आणि मुदतवाढ नाहीच. मंत्र्यांनी स्वतः फेटाळली असेल तर ट्रायब्युनल नाही, थेट फेडरल कोर्ट. तिथे निर्णय कायद्यात बसतो का एवढंच पाहतात. मुलं ऑस्ट्रेलियात शिकत असतील तर शिक्षकांचं पत्र आजच मागा, विनंतीवर आणि ट्रायब्युनलमध्ये निर्णय घेताना मुलांच्या हिताला खरंच वजन असतं. सुनावणीच्या किमान दोन कामकाजी दिवस आधी गृह खात्याकडे (व्हिसाचं काम पाहणारं खातं) न पोचलेला तुमचा कागद ट्रायब्युनल विचारात घेऊ शकत नाही.