शब्दचर्चा : खिडकीत काच बसवताना खाली घालतात त्या प्लॅस्टिकच्या तुकड्यांना काय म्हणायचं?

मंडळी, एका शब्दापाशी अडलेय, मदत करा. खिडक्या बसवायचं काम शिकणाऱ्या मुलांसाठी एक छोटी पुस्तिका मराठीत करतेय, अ‍ॅल्युमिनियम आणि यूपीव्हीसीच्या (म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या) खिडक्यांची. बाकी शब्द मिळाले. चौकट, झडप (मुलं शटरच म्हणतात म्हणून मीही शटर ठेवलं), बिजागरी, खाच, बिडिंगची पट्टी (काच खाचेत धरून ठेवते ती), रबर. पण काच खाचेत उतरवायच्या आधी तळाला आणि बाजूंना जे चपटे प्लॅस्टिकचे तुकडे घालतात, साधारण बोटाएवढे लांब, १ मिमीपासून ५-६ मिमी जाडीचे, वेगवेगळ्या रंगांचे, त्यांना काय लिहू? इंग्रजीत पॅकर म्हणतात, सेटिंग ब्लॉक म्हणतात, कुणी शिम म्हणतात. मी आधी पाचर लिहिलं आणि खोडलं, कारण पाचर एका टोकाला निमुळती असते आणि हे तुकडे सपाट. ठोकळा लिहिलं तर बालवाडीतलं खेळणं वाटतं.

हे नीटच लिहायचंय त्याला कारण आहे. आईच्या घरी नवीन खिडकी बसवली आणि सहा महिन्यांत शटर उतरलं, कडी लागेना, खालचा कोपरा चौकटीला घासायला लागला, मग बिजागऱ्या बदलल्या, परत उतरलं, परत बदलल्या, आणि पावसात त्या फटीतून पाणी येऊन आईची गादी भिजली. शेवटी दुसऱ्या एका मिस्त्रींनी बिडिंग काढून दाखवलं तर काच नुसती खाचेत ठेवलेली, खाली एकही तुकडा नाही, आणि एका कोपऱ्यात काचेची कड थेट धातूला टेकून तिथून तडा सुरू झालेला. म्हणजे सगळा त्रास ज्या वस्तूमुळे झाला, त्या वस्तूला माझ्याकडे शब्द नव्हता. मिस्त्रींना विचारलं तर म्हणाले, "ते असतं ना ताई, ते घालायचं राहिलंय."

———

ताई नमस्कार, नाशिकला वीस वर्षं फॅब्रिकेशनचं काम करतोय. आमच्यात याला एकच शब्द, पॅकिंग. "दोनचं पॅकिंग दे", "खाली तीनचं टाक, वर एकचं बास", असंच बोलतो. रंगाने मागू नका असं मुलांना जरूर लिहा, कारण एका कंपनीचा लाल तीनचा असतो तर दुसऱ्या कंपनीचा लाल भलत्याच जाडीचा, मिमीनेच मागायचं. जुने मिस्त्री अजून सुतात बोलतात, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे तीन मिमीच्या जरा वर, त्यामुळे "एक सूत पॅकिंग" म्हटलं की आम्ही तीनचं घेतो.

शब्द काहीही ठेवा पण कुठं घालायचं ते लिहाच लिहा, कारण घालणारे पण बरेच जण चुकीच्या जागी घालतात. न उघडणारी खिडकी असेल तर सोपं आहे, काचेच्या रुंदीचे चार भाग करा आणि दोन्ही टोकांकडून एकेक भाग सोडून तळाला पॅकिंग द्या, झालं. सरकत्या खिडकीत चाकांच्या वर द्यायचं म्हणजे वजन सरळ चाकावर जातं. पण बिजागरीवर बाहेर उघडणारं शटर असेल तर खरी गंमत तिथं आहे. तिथं पहिलं पॅकिंग बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यात आणि दुसरं बरोबर तिरपं समोर, हँडलकडच्या वरच्या कोपऱ्यात, आणि हे दुसरं असं बसलं पाहिजे की शटरचा लोंबणारा कोपरा जरा वर उचलला जाईल. गावाकडच्या लाकडी फाटकाला तिरपी पट्टी मारतात ना, खालच्या बिजागरीपासून वरच्या लांबच्या कोपऱ्यापर्यंत, इथं ते काम काच स्वतः करते. काच उभी असताना तिच्या पातळीत फार ताकदवान असते, वाकत नाही, शटर मात्र चार तुकडे जोडून केलेलं, ते गुण्यातून जातं, म्हणजे कोपरे काटकोनात राहत नाहीत. काचेने त्याला गुण्यात धरून ठेवायचं असतं. तुमच्या आईंच्या खिडकीत हेच नव्हतं, बिजागऱ्यांचा काही दोष नव्हता.

वजनाचा हिशेब पण लिहा. एक चौरस मीटर काच, जाडीच्या दर मिमीला अडीच किलो. दोन फूट बाय चार फुटाच्या शटरमधे ५ मिमीची काच असेल तर साधारण नऊ किलो, डबल काच असेल तर अठरा. रोज उघडबंद होताना हे अठरा किलो दोन तुकड्यांवर उभे असतात.

———

पाचर खोडलंत ते बरं केलंत. आमचे आजोबा सावंतवाडीकडे सुतारकाम करायचे, त्यांच्या तोंडी पाचर म्हणजे ठोकायची वस्तू. कुदळीचा दांडा हलायला लागला की पाचर, खाटेचा सांधा ढिला झाला की पाचर. ती दोघांच्या मधे घुसून दोघांना ताणते, म्हणून तर "त्याने मधेच पाचर मारली" म्हणजे चांगल्या चाललेल्या कामात खोडा घातला असा अर्थ झाला. काचेच्या कडेला काही ठोकलंत तर ती तिथंच जाईल. मुलगा जे वाचतो तेच करतो, पाचर वाचली की हातोडी शोधणार.

आजोबा लाकडी खिडकीत तावदान बसवताना खाली ढलपी घालायचे. रंध्याचा पापुद्रा नव्हे, छिनीने काढलेली जाडसर चपटी. ती नसली तर काडेपेटीच्या दोन काड्या. मग बारीक चुका मारायच्या आणि वरून लुकण. लुकण घरीच मळायचे, खडूची पूड आणि जवसाचं तेल, कणकेसारखं तिंबून. मी विचारलं होतं की लुकणाने काच धरलेलीच असते मग ढलपी कशाला, तर म्हणाले लुकण वारा-पाणी अडवतं, वजन उचलायचं काम त्याचं नव्हे. तर ढलपी या शब्दाचा विचार व्हावा असं मला वाटतं, प्लॅस्टिकची ढलपी. छान वाटतं ऐकायला.

———

ढलपी शब्द आवडला, पण ढलपी म्हणजे लाकडातून निघालेला तुकडा ना, प्लॅस्टिकची म्हटलं की अडखळायला होतं. आणि शिम नको. मी भोसरीत मशीन शॉपमधे आहे, आमच्याकडे शिम म्हणजे पितळेचा किंवा स्टीलचा पातळ पत्रा, मशीन लेव्हलला आणताना पायाखाली सरकवतात, मिमीच्या दहाव्या-विसाव्या भागापर्यंत पातळ. धातूचा. काचेखाली धातू घालायचाच नसतो. एखाद्या मुलाने शिम वाचून खरंच पत्र्याचा तुकडा घातला तर?

———

मी श्टुटगार्टजवळ असतो, खिडक्यांच्या कारखान्यात काम करतो म्हणून लिहितोय. जर्मनमधे या तुकड्याला क्लॉट्स म्हणतात, म्हणजे सरळ ठोकळाच, जुन्या काळी लाकडाचाच असायचा. पण ते लोक दोन वेगळे शब्द वापरतात. जो वजन घेतो तो ट्रागक्लॉट्स, ट्रागेन म्हणजे वाहून नेणं. आणि जो नुसतं काच आणि चौकट यांच्यातलं अंतर राखतो, काच सरकू देत नाही, तो डिस्टान्सक्लॉट्स. तुकडा पेटीतून काढताना दोन्ही सारखेच, फरक फक्त जागेचा. हा फरक इथं पहिल्याच आठवड्यात शिकवतात. मराठीत शब्द कुठलाही घ्या पण हे दोन वेगळे दिसले पाहिजेत, एकाच शब्दात दोन्ही कोंबले तर नवा मुलगा चारी बाजूंना सारखेच तुकडे घट्ट दाबून बसवेल. उन्हात अ‍ॅल्युमिनियम काचेच्या दुपटीहून जास्त पसरतं आणि यूपीव्हीसी त्याहूनही जास्त, मग काचेला हलायला जागा नको का?

अजून एक, डबल काचेत तुकडा दोन्ही काचांच्या खाली पूर्ण गेला पाहिजे. अर्धवट गेला तर एक काच टेकलेली आणि दुसरी नुसत्या मधल्या सीलवर लटकलेली, मग कधीतरी सील सुटतं आणि दोन काचांच्या मधे दमट धुकं दिसायला लागतं जे पुसताच येत नाही.

———

सगळ्यांचे खूप आभार, इतकं मिळेल वाटलं नव्हतं. दोन दिवस हेच डोक्यात होतं आणि काल एका जुन्या वाड्यात गेले होते, तिथं चौकातल्या सागवानी खांबांकडे बघताना एकदम लक्षात आलं. खांब जमिनीत रोवलेले नसतात, प्रत्येक खांबाखाली घडीव दगड असतो. त्याला उथळी म्हणतात, कुणी तळखडा म्हणतं. तो दोन कामं करतो, वरचं वजन घेऊन जमिनीला देतो आणि लाकूड ओलीपासून वर उचलतो, नाहीतर खांबाचा बुडखा कुजला असता. आपल्या प्लॅस्टिकच्या तुकड्याचं काम हेच आहे की! खिडकीच्या खालच्या खाचेत पाऊस थोडा तरी शिरतोच, म्हणून तर तिथं पाणी बाहेर जायला भोकं ठेवतात, आणि काच त्या ओलीत बसू नये म्हणून ती तुकड्यावर उचललेली असते. म्हणजे ही कल्पना आपल्याकडे शेकडो वर्षं आहे, शब्दही आहे, फक्त खांबाकडून काचेकडे आणायचा राहिला. मला तर तळखडा फार आवडलाय. वजन घेणारा तो तळखडा आणि बाजूंचा तो अंतरपट्टी, असं केलं तर?

———

ताई, तळखडा ऐकून मला पण बरं वाटलं, आमच्या गावच्या देवळाच्या खांबाखाली आहेत तसे. काल वर्कशॉपमधे चार पोरांना म्हणून बघितलं. त्यातल्या एकाला माहीत होता शब्द, बाकी तिघं गप्प. मग मी म्हटलं खालचं पॅकिंग, तर लगेच कळलं. पोरगं उद्या दुकानात जाऊन तळखडा द्या म्हणालं तर दुकानदार बघतच बसेल, पॅकिंग म्हणालं तर पाकीट समोर ठेवेल. अंतरपट्टी तर नकोच, पट्टी म्हटलं की त्याला बिडिंगची लांब पट्टी वाटणार.

———

गोव्यातून लिहितेय, विषय जरा बाजूला जातोय पण राहवत नाही. आमच्या जुन्या घरात तावदानं काचेची नाहीत, शिंपल्यांची आहेत. लाकडी पट्ट्यांना खाचा असतात आणि तळहाताएवढे पातळ चपटे शिंपले त्यात एकावर एक किंचित चढवून सरकवलेले. पॅकिंगबिकिंग काही नाही, एकेक शिंपला इतका हलका की खाचच त्याला पुरते. तेव्हा ही वस्तू जड काचेबरोबर आली, तिचं नाव पण काचवाल्यांच्या तोंडचंच असूदे. दादांचं पॅकिंग बरोबर वाटतं.

———

पटलं. शब्द मुलांच्या हातात पडणार आहे, माझ्या टेबलावर राहणार नाहीये. तर पॅकिंगच ठेवते आणि जर्मनीवाल्या दादांनी सांगितलेला फरक त्याच्या पुढच्या शब्दांत आणते, भाराचं पॅकिंग आणि अंतराचं पॅकिंग. तळखड्याची गोष्ट चित्रासकट चौकटीत देणार, खांबाखालचा दगड आणि काचेखालचा तुकडा शेजारी शेजारी, म्हणजे का घालायचं ते लक्षात राहील. मजकूर असा केलाय, बघा :

"काच कधीही थेट चौकटीवर टेकवू नका. बिजागरीच्या शटरमधे भाराचं पॅकिंग दोन ठिकाणी : बिजागरीकडचा खालचा कोपरा आणि त्याच्या तिरपा समोर, हँडलकडचा वरचा कोपरा. उरलेल्या ठिकाणी अंतराचं पॅकिंग, नुसतं टेकेल इतपत, दाबून नाही. पॅकिंग काचेच्या पूर्ण जाडीखाली गेलं पाहिजे. पाणी जायच्या भोकांवर पॅकिंग ठेवू नका. बिडिंग लावायच्या आधी शटर उघडबंद करून बघा."

———

एकदम बरोबर. फक्त "कोपरा" आहे तिथं "कोपऱ्यापासून चार बोटं आत" असं करा, अगदी टोकाला कोणी घालायला नको, काचेचं टोकच सगळ्यात आधी उडतं. आणि शेवटच्या ओळीत एक भर घाला, शटर अर्धं उघडून हात सोडायचा आणि बघायचं ते आहे तिथं थांबतं का.