शब्दचर्चा : चाल, वेग आणि ‘ऋण त्वरण’

प्रश्न :
मुलीला सरळ रेषेतली गती शिकवायला बसले आणि शब्दांपाशीच अडले. गती, चाल, वेग. कोश उघडावा तर एकाचा अर्थ सांगायला दुसराच पुढे येतो, पाठात मात्र तिन्ही वेगळे. दुसरी अडचण मोठी आहे. ‘ऋण त्वरण म्हणजे वेग कमी होणे’ हे तिचं तोंडपाठ आहे. काल वर फेकलेल्या चेंडूचं गणित सोडवत होती. चेंडू खाली येतानाही त्वरण उणेच येत होतं. खाली येताना तर चेंडू जोर धरतो, म्हणून तिने ते उणे चिन्ह खोडलं आणि सगळं उत्तर चुकलं. घोळ शब्दाचा आहे की गणिताचा?

प्रतिसाद :
घोळ शब्दाचा आहे, ताई. मुलीने विचार करून चिन्ह खोडलं, ही चांगलीच गोष्ट आहे.

आधी पहिली अडचण. बोलताना आपण हे तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. भौतिकशास्त्राने त्यांची वाटणी करून दिली आहे. ‘गती’ म्हणजे जागा बदलत राहणं, एवढंच. ते किती भरभर, याच्याशी तिला देणंघेणं नाही, म्हणून गोगलगायही गतिमान असते. (‘तिला गणितात गती आहे’ यातली गती निराळी.) ‘चाल’ सांगते किती भरभर. ‘वेग’ सांगतो किती भरभर आणि कोणत्या दिशेने. गाडीचा काटा ६० दाखवतो ती चाल. तिला आपण वेग म्हणतो, रस्त्यावरच्या पाटीवरही ‘वेगमर्यादा’च लिहिलेलं असतं, आणि बोलण्यात त्याने काही बिघडत नाही. गणितात बिघडतं. वारा पश्चिमेकडून ताशी २० किलोमीटरने वाहतोय, असं म्हटलं की तो शास्त्राच्या अर्थानेही वेग झाला.

आता त्वरण. या शब्दात ‘त्वरा’ दडलेली आहे, त्यामुळे कानाला घाई ऐकू येते. प्रत्यक्षात त्वरण म्हणजे वेग बदलण्याचा दर. ताशी १०० किलोमीटरने एकसारखी सरळ धावणारी गाडी भरधाव असली तरी तिचं त्वरण शून्य. जागेवरून नुकतीच हललेली, जेमतेम सरकणारी गाडी घ्या, तिला मात्र त्वरण आहे. त्यात पुढे ‘ऋण’ लागलं की आणखी पंचाईत. धन म्हणजे मिळकत, ऋण म्हणजे कर्ज. मराठी माणसाला ‘ऋण’ म्हटलं की काहीतरी घटलं असंच वाटणार. इथे मात्र ते चिन्ह फक्त दिशा सांगतं. सरळ रेषेवर दिशा दोनच असतात. एकीला आपण अधिक ठरवलं की दुसरी उणे.

चेंडू सेकंदाला १९.६ मीटर या वेगाने सरळ वर फेका. वरची दिशा अधिक, हवेचा विरोध सोडून द्या. १ सेकंदाने वेग ९.८, दुसऱ्या सेकंदाअखेर ०, तिसऱ्याअखेर उणे ९.८, चौथ्याअखेर उणे १९.६, आणि चेंडू परत हातात. हे आकडे मुलीला एकाखाली एक लिहायला सांगा. दर सेकंदाला ९.८ वजा होत गेले. वर जाताना, माथ्यावर क्षणभर थांबताना, खाली येताना, सगळीकडे तेवढेच. म्हणून त्वरण अख्ख्या प्रवासात उणे ९.८. माथ्यावर वेग शून्य असतो म्हणून त्वरणही शून्य, असं पुष्कळ मुलं लिहितात. तसं असतं तर चेंडू वरच लटकून राहिला असता!

आता तिचं पाठ केलेलं वाक्य पुन्हा वाचा : ऋण त्वरण म्हणजे वेग कमी होणे. १९.६, मग ०, मग उणे १९.६. वेग सतत कमीच होतोय की, कारण उणे संख्या शून्याहून लहान. वाक्य खोटं नाही. खाली येताना वाढते ती चाल. म्हणजे तुमचे दोन प्रश्न मुळात एकच आहेत : चाल आणि वेग वेगळे धरले नाहीत, म्हणून उणे चिन्ह चुकीचं वाटलं. वेग आणि त्वरण यांची चिन्हं सारखी असतील तर चाल वाढते, विरुद्ध असतील तर घटते. ब्रेक लावलेल्या गाडीत ती विरुद्ध असतात. तिथे निव्वळ चाल घटल्याचं सांगायचं असेल तर ‘मंदन’ म्हणावं, ‘ऋण’ नको.

आणखी एक प्रतिसाद :
विश्वकोशात आणि जुन्या लेखनात त्वरणासाठी ‘प्रवेग’ भेटतो. मला तोच आवडतो, त्यात वेगाशी असलेलं नातं उघड दिसतं. पण पाठ्यपुस्तकांत त्वरण रुळलंय, तेव्हा मुलीला तेच राहू द्या.

प्रश्नकर्ती :
आकडे तिने लिहिले. आता विचारते, चेंडू चार सेकंद हवेत होता आणि विस्थापन शून्य कसं? ‘विस्थापित’ म्हटलं की तिला घरदार सोडावं लागलेली माणसं आठवतात.

प्रतिसाद :
ती आठवण धरूनच सांगा. कोण मुळात कुठे होतं आणि आता कुठे आहे, एवढंच विस्थापन मोजतं. मधली पायपीट ते विचारत नाही. तुमचा चेंडू १९.६ मीटर वर गेला आणि तेवढाच खाली आला. अंतर ३९.२ मीटर, विस्थापन शून्य. म्हणून सरासरी चाल सेकंदाला ९.८ मीटर आणि सरासरी वेग शून्य. आपल्या क्रियापदांनाही हा फरक कळतो : अंतर आपण ‘कापतो’, विस्थापन ‘होतं’.

एकक वाचतानाही जपा. ‘मीटर प्रति सेकंद वर्ग’ ऐकून मुलं सेकंदाचा चौकोन शोधत बसतात. ‘दर सेकंदाला, सेकंदामागे ९.८ मीटरने’ असं वाचून घ्या. वेग कशागणिक बदलतो, ही साधी बाब नव्हती. पडणाऱ्या वस्तूचा वेग कापलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो, असं गॅलिलिओलाही आधी वाटलं होतं. तो वेळेच्या प्रमाणात वाढतो, हे त्याने १६३८ मध्ये छापलेल्या ग्रंथात मांडलं. त्यातूनच स्थिर अवस्थेपासून सुटलेली वस्तू लागोपाठच्या सेकंदांत १, ३, ५, ७ अशा पटीत अंतर कापते हे निघतं. मुलीला पहिल्या सेकंदाचं ४.९ मीटर तेवढं सांगा, पुढचे तीन आकडे तिलाच काढू द्या.