घोड्याच्या गाडीचा मागचा रॅम्प जाम झालाय, गॅसनं कापू का?

नागाव_किनारा

नमस्कार मंडळी. नागावला बीचवर आमची दोन जनावरं आहेत, एक जुना घोडा आणि एक सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली मारवाडी घोडी. ने-आण करायला पिकअपवर बॉडी बांधून घेतलीय, मागं फाळक्याच्या जागी रॅम्प. तीन वर्षं झाली. पावसाळ्यात किनाऱ्यावर धंदा नसतो म्हणून जूनपासून गाडी वाडीत ताडपत्री टाकून उभी होती. गणपतीनंतर एकदा कसाबसा उघडला, आणि परवा घोडीला अलिबागला डॉक्टरांना दाखवून परत आलो तर रॅम्प वीतभर उघडून थांबला. डावी बाजू खाली येते, उजवी जागची हलत नाही.

आत घोडी. मान घामानं भिजलेली, पुढच्या पायानं मॅट खरवडत होती. मी पुढच्या छोट्या दारानं आत जाऊन तिच्या तोंडाशी उभा राहिलो, बाहेरून चौघांनी पहार घातली आणि रॅम्प धाडकन पडला, तिनं तशीच उडी मारली, मागचा पाय कडेवरून घसरला नि खरचटलं. जखम वरवरची आहे पण आता गाडी जवळ आणली की कान मागं टाकते, हेच जास्त लागलंय मनाला.

खाली चार बिजागऱ्या, त्यातून एकच लांब दांडा आरपार, दोन्ही कडेला स्प्रिंग. वर प्लाय आणि त्यावर चिकटवलेली रबर मॅट. रॅम्प आता परत वर ढकलून बांधून ठेवलाय. गॅरेजवाला म्हणतो गॅसनं तापवून दांडा कापू, अर्ध्या तासाचं काम. करू का?

लेथ_पेण

भाऊ आधी गॅस बंद. मॅटखालचा गोंद, प्लाय, आत सांडलेलं गवत, सगळं पेटायच्या लायकीचं आहे, आणि स्प्रिंग ताणात असताना दांडा कापला तर स्प्रिंग सुटून माणसाच्या तोंडावर येते. स्प्रिंगचा हिशोब डोक्यात ठेवा, रॅम्प उभा बंद असताना ताण सगळ्यात कमी आणि खाली टेकला की सगळ्यात जास्त, कारण ती उचलायला मदत करायलाच बसवलेली असते. म्हणजे दांडा काढायचं काम रॅम्प उभा ठेवूनच, वरून चेन पुली नाहीतर दोन जाड रस्स्या बांधून. तरी थोडा ताण उरतोच, त्यामुळं स्प्रिंगच्या समोर उभं राहायचं नाही. ज्यांच्या गाडीला स्प्रिंगऐवजी गॅसचे दांडे आहेत त्यांनी तर ते तापवायचेही नाहीत आणि भोकही पाडायचं नाही, आत दाबानं नायट्रोजन भरलेला असतो.

दुसरं, गाडी कुठं उभी होती तेव्हा? वाळूत किंवा वाडीच्या मऊ मातीत एक चाक खाली बसलं की अख्खी बॉडी पिळते, चार बिजागऱ्या एका ओळीत राहत नाहीत आणि दांडा धरतो. एक बाजू येते नि दुसरी येत नाही, याचं हे नेहमीचं कारण. गाडी पक्क्या सपाट जागेवर घ्या आणि मग बघा, निम्मं दुखणं तिथंच कमी होईल बहुतेक.

मग डिझेलमध्ये थोडं स्टिअरिंग ऑइल मिसळून चारही बिजागऱ्यांच्या फटीत सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी परत सोडा, असं तीन दिवस. घाई करू नका, गंजात तेल मुरायला वेळ लागतो. नंतर दांड्याच्या तोंडावर पितळेचा ठोकळा ठेवून हलके टोले, आणि जमलं तर पान्यानं धरून आधी थोडा फिरवायचा, एकदा फिरला की निघतो. घणानं ठोकला तर तोंड फुलेल आणि मग कापल्याशिवाय गत्यंतर नाही. निघाला की माझ्यासारख्या लेथवाल्याकडून नवीन करून घ्या, आणि एका दांड्याऐवजी चार आखूड पिना करा, पुढच्या वेळी एकच काढावी लागेल. भोकात नायलॉनचे बुश टाका, म्हणजे पिनेभोवती बसणारी नळी.

मुरूडची_घोडेवाली

दादा, गाडीचं होईल, पण घोडीचं आधी बघा. तिला परत जबरदस्तीनं चढवू नका. रॅम्प दुरुस्त झाल्यावर गाडी अशी लावा की मागची बाजू चढाकडं येईल, मग रॅम्पचा उतार कमी होतो. गाडीचा तळ जमिनीपासून तीन फूट उंच आणि रॅम्प सहा फूट असला तर तीस अंशांचा चढ होतो, तो घोड्याला खडाच वाटतो, तेच आठ फुटाचा केला तर बावीसवर येतो. खालची कड पूर्ण टेकलेली हवी, एक कोपरा हवेत राहिला तर तीन-चारशे किलोचं जनावर पाय ठेवल्यावर फळी हलते, आणि तोच झोला बिजागरीला वाकवतो पण. आम्ही आमच्या घोड्याला पाच दिवस नुसतं रॅम्पवर उभं करून गूळ दिला आणि उतरवलं, गाडी चालूच केली नाही. सहाव्या दिवशी आपण होऊन चढला.

आणि तेल सोडाल ते मॅटवर येऊ देऊ नका, साबणानं नीट धुवा. डिझेलवर खूर सरकतो.

कायद्याचंही सांगते कारण चेकनाक्यावर विचारतात. जनावरं वाहतुकीचे १९७८ चे नियम आहेत, त्यात घोड्यांच्या गाडीला खास प्रकारचा मागचा फाळका, कडेनं गादी, खाली न घसरणारं काहीतरी, प्रत्येक जनावराच्या मध्ये किमान ८ सेंटीमीटर जाडीचा बांबू आणि गाडीत सोबत एक माणूस लागतो. वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आत.

रेवदंडा_होडी

लेथवाल्या काकांचं बाकी सगळं पटलं, पण नायलॉन नको. नायलॉन पाणी पितं नि फुगतं, आमच्या होडीवर दोनदा जाम झालंय. गनमेटलचे, म्हणजे तांबं-कथलाच्या मिश्रधातूचे बुश टाका, महाग पडतील पण खाऱ्या वाऱ्यात टिकतात, फक्त ग्रीस कायम हवं. आणि कोणी स्टेनलेस स्टीलची पिन सुचवली तर साध्या लोखंडी बिजागरीत ती कोरडी घालू नका, खारं पाणी लागलं की दोन वेगळ्या धातूंत लोखंड लवकर खातं. रॅम्पवर अॅल्युमिनियमची चेकर प्लेट असेल तर तीही थेट लोखंडावर नको, मध्ये पांढरी पावडर धरते आणि फुगून फट बंद करते.

ग्रीसचं निप्पल, म्हणजे ग्रीस भरायचं तोंड, प्रत्येक बिजागरीला मारून घ्या, बॉडी बांधणारे ते मारतच नाहीत. दर पंधरा दिवसांनी ग्रीस गन लावायची, आधी लालसर पाणी येतं, मग जुनं ग्रीस, मग नवीन पिवळं दिसलं की थांबायचं. साधं ग्रीस पाण्यात धुऊन जातं, बोटीला लावतात ते मागा.

एक शंका, मॅट उचलून बघितलीत का? चिकटवलेल्या मॅटखाली पाणी आणि घोड्याचं मूत अडकून राहतं. प्लायची कड स्क्रू ड्रायव्हरनं टोचून बघा.

नागाव_किनारा

सगळ्यांचे मनापासून आभार. गाडी देवळामागच्या काँक्रिटवर घेतली आणि खरंच उजवी बाजू दोन बोटं खाली आली, काही न करता. मॅट उचलली तर खालचा प्लाय बिस्किटासारखा भुगा, उजव्या कोपऱ्यात स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत गेला. फुगलेला प्लायच चौकटीत अडकत होता आणि मी सगळा दोष दांड्याला देत होतो.

तीन दिवस तेल सोडलं, चौथ्या दिवशी दांडा फिरला, काल निघाला. मधल्या दोन बिजागऱ्यांच्या जागी तो पेन्सिलीएवढा बारीक झालेला, म्हणजे तसाच ठेवला असता तर घोडी वर असताना कधीतरी तुटलाच असता, अंगावर काटा आला बघून. मरीन प्लाय आणतोय, कडांना इपॉक्सीचे दोन हात, आणि मॅट चिकटवणार नाही, पट्ट्यांनी दाबून बसवणार म्हणजे काढून धुता येईल. खाली पाणी जायला भोकंही ठेवतोय. गनमेटलचे बुश पेणला सांगितलेत.

लेथ_पेण

पुढच्या पावसाळ्यात ताडपत्री घट्ट बांधू नका, आत दमट कोंडतं. शेडमध्ये उभी करा आणि आठवड्यातून एकदा रॅम्प पूर्ण उघडून मिटा. बुश शुक्रवारी तयार होतात, जुना दांडा घेऊन या, मापाला लागेल.

नागाव_किनारा

शुक्रवारी येतो काका. घोडी आज गाडीच्या सावलीत उभी राहून कडबा खात होती, कान पुढं होते.